खिडकीखालचा बर्फ कुणी उचलला?

साहेब, तुम्ही आमचा बर्फ चोरलात.

'चोरलात' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आमची ही म्हणाली, "अहो, 'हलवलात' लिहा, जरा सभ्य दिसेल." पण हलवलेली वस्तू कुठेतरी सापडते. तुम्ही एका मंगळवारी सकाळी ते पिवळं यंत्र घेऊन आमच्या गल्लीत आलात, हाकामाताकाकांच्या माडीच्या खिडकीखालचा बर्फ भिंतीपर्यंत खरवडलात, ट्रकात भरलात आणि नेऊन नदीत ओतलात. वर काकांच्या दाराला 'सहकार्याबद्दल आभार' असं छापलेली चिठ्ठी अडकवून गेलात. सहकार्य कुणी केलं? काका गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले होते, मी कामावर होतो.

तुम्ही म्हणाल, बर्फच तो. दर हिवाळ्यात तानेओका गावची माणसं आमच्या नावाने ओरडतात की बर्फ उचला, आणि आता उचलला तर म्हणे चोरी. मान्य आहे. बर्फ चोरीला गेल्याची तक्रार या गावात आजवर कुणी केली नसेल. ती मी करतोय. कारण तुम्ही नेलात तो एका चौदा वर्षांच्या मुलीचा जिना होता, आणि त्यावरून ती उतारावर जात होती.

आता सगळं पहिल्यापासून ऐका. तुमच्या गावकचेरीच्या खिडकीत मला प्रत्येक वेळी 'थोडक्यात सांगा' असं सांगण्यात आलं. इथे मी थोडक्यात सांगणार नाही.

मी गाडी चालवायला शिकवतो. शिकणाऱ्याच्या शेजारी, डाव्या सीटवर बसतो. माझ्या उजव्या पायाखाली माझा स्वतःचा वेगळा ब्रेक असतो. त्या ब्रेकच्या जोरावर मी उभं आयुष्य शांतपणे काढलं आहे. विद्यार्थी कितीही गांगरला तरी मी आवाज चढवत नाही, पाय दाबतो. गावात मला मान आहे. निदान जानेवारीपर्यंत होता.

जानेवारीत मी छपरावरचा बर्फ काढायला चढलो. खाली शेजारचे हाकामाताकाका उभे होते. काका आमच्या आळीच्या मंडळाचे प्रमुख. बर्फ काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, आणि दुसरा कुणी काढत असला तर त्यांना घरात बसवत नाही.

"तोचिकुरा, फावडं उलटं धरलंयस."

"काका, फावड्याला उलटं-सुलटं नसतं."

"असतं. तुला दिसत नाही, म्हणून तुझा बर्फ नेहमी माझ्याकडे पडतो."

यावर मी एक चांगलं उत्तर तयार करत होतो, तेवढ्यात छपरावरचा अख्खा थर सुटला आणि मी त्यावर बसल्या बसल्या निघालो. आमच्या दोन घरांच्या मधल्या बोळात दोन्ही छपरांचा बर्फ साठतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. यंदा तो पार माडीपर्यंत चढला होता. मी त्या ढिगावर जाऊन टेकलो तो थेट काकांच्या माडीच्या खिडकीसमोर. काचेपासून हातभर अंतरावर. मांडी घातलेली, फावडं मांडीवर.

पडदा हलला. खिडकी सरकली. आत इरोहा होती, काकांची नात.

"काका, हे पडणं होतं की उतरणं?" तिने विचारलं.

"उतरणं," मी म्हणालो. माणसाला काही इभ्रत असते.

"मग वळताना मागे बघितलं नाहीत. नापास."

बोळाच्या तोंडाशी हाकामाताकाका उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि माझ्या उभ्या हयातीत पहिल्यांदा सल्ला न देता गप्प उभे राहिले. कारण शरद ऋतूपासून ती पोर घरात कुणाशी दोन वाक्यं सलग बोललेली नव्हती. शाळा बंद, जेवणाचं ताट दाराबाहेर, रिकामं ताट दाराबाहेर. का, ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. विचारणाऱ्यांची रांग आधीच लागलेली होती, आणि त्यातले निम्मे तुमच्याच कचेरीतून आले होते.

मी फक्त एवढंच म्हणालो, "रविवारी उतारावर चल. बर्फावरून घसरायला शिकवतो."

"तुम्ही?"

"मी शिक्षक आहे."

"गाडीचे."

"तत्त्व तेच."

साहेब, या दोन शब्दांनी माझं जेवढं नुकसान केलं तेवढं तुमच्या कचेरीनेही केलं नाही.

रविवारी मी सकाळी स्की घेऊन काकांच्या दारात गेलो, तर दारात ही गर्दी. काका, आजी, मुलीचे आईबाप, शिवाय कोपऱ्यावरच्या ओत्सुबोकाकू हातात खारवलेल्या मुळ्याचा डबा घेऊन. इरोहा बाहेर पडणार म्हणून निरोपाला जमली होती मंडळी. इरोहा अर्धा जिना उतरली, उंबऱ्यापाशी लावलेल्या चपला-बुटांची ती रांग तिने बघितली आणि तशीच वर गेली. दार लागल्याचा आवाज आला. ओत्सुबोकाकू म्हणाल्या, "मी फक्त मुळा द्यायला आले होते."

मी हात हलवत घराच्या मागे वळलो, तर बोळातली खिडकी उघडली. आधी दोन स्की बाहेर आल्या, मग बूट, मग इरोहा. ती ढिगावर बसली, सर्रकन घसरत गल्लीत उतरली आणि कपडे झटकत म्हणाली, "चला. आणि कुणाला सांगू नका, कुठून आले ते."

मी सांगितलं नाही. संध्याकाळी मी काकांच्या घरी जाऊन एवढंच बजावलं की रविवारी सकाळी दारात कुणी उभं राहायचं नाही, बघायचं नाही, विचारायचं नाही. तेवढं मात्र लक्षात ठेवा, पुढे त्याचं काय झालं ते सांगतो.

आपल्या गावचा उतार तुम्ही फक्त कागदावर बघितला असेल. माणसांना तारेवरून वर नेणारा एकच पाळणा, एक नूडल्सची टपरी, डाव्या अंगाला देवदार आणि देवदारांच्या पुढे नारिंगी जाळी. लहानपणी मी तिथे स्की करत होतो, गावातलं प्रत्येक पोर करतं. पण मधल्या काळात माझा पाय ब्रेकला सवकला होता, हे मला तिथे कळलं. इरोहा खाली निघाली की मी मागून निघायचो. तिचा वेग वाढला की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. गाडीत पाय दाबला की गाडी थांबते. स्कीवर उजवा पाय दाबला की माणूस डावीकडे वळतो आणि आणखी जोरात जातो. डावीकडे जाळी होती. त्या एका सकाळीत माझी आणि त्या जाळीची चांगली ओळख झाली.

तिसऱ्यांदा मी जाळीत अडकलो तेव्हा वरून एक आवाज आला, "सर, आरसा बघितलात का?"

पाळण्यापाशी कामाला असलेला ताइगा. वय अठरा, केस भाजक्या चेस्टनटसारखे तपकिरी रंगवलेले, पायाला स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पायांना मिळून एकच फळी. गेल्या उन्हाळ्यात मी त्याला दोनदा नापास केलं होतं, मागे न बघता लेन बदलली म्हणून. तो आता माझ्यासमोर बर्फात ऐसपैस बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ताइगा, तुझं काम पाळण्यापाशी आहे."

"हो सर. पण पाळण्यात कुणी नाही, सगळं गिऱ्हाईक जाळीत आहे."

इरोहा हसली. मोठ्याने हसली. मला राग आवरणं सोपं गेलं.

मग ताइगानेच शिकवणी ताब्यात घेतली. "सर, तुम्ही शिकवू नका. तुम्ही नुसते असा," तो म्हणाला. म्हणजे मी तिथे असावं, पण काही करू नये. तुमच्या कचेरीत या पदाला पगार असतो, मला नव्हता. त्याने तिला बोर्डवर उभं केलं. ती धपकन बसली. उठली, पुन्हा बसली.

"सगळे बघतायत," ती म्हणाली.

"कुणी बघत नाही. स्कीवाला बसला की लोक विचारतात, लागलं का, उचलू का. बोर्डवाला बसला तर कुणी ढुंकून बघत नाही. बोर्डवाले बसलेलेच असतात. हवं तेवढं बस, वाटलं की उठ."

ती बराच वेळ बसून राहिली. मी तोंड उघडणार होतो, ताइगाने माझ्याकडे बघितलं, मी तोंड मिटलं. मग ती आपणहून उठली आणि अख्खा उतार उतरली. वाकडीतिकडी, हात पसरून, पण उतरली. त्या दिवसापासून तिने स्की सोडली आणि बोर्ड धरला. माझ्या मते स्की हा जास्त सभ्य प्रकार आहे, पण माझं मत कुणी विचारलं नाही.

ही बातमी पसरली. ओत्सुबोकाकूंनी पसरवली, नाव घ्यायला मी भीत नाही. पलीकडच्या आळीतल्या एक बाई आल्या, आमचा मुलगाही असाच खोलीत असतो म्हणाल्या. मग आणखी एक जण आले. महिन्याभरात पाच मुलं झाली. त्यांच्याबरोबर सल्लेही आले. कुणी म्हणालं, आधी त्यांच्याकडून जमिनीवर व्यायाम करून घ्या. कुणी म्हणालं, अशा मुलांना बोर्ड देऊच नये, बोर्डने केस रंगवायची सवय लागते. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज मला गाठून शिरस्त्राणांचे प्रकार समजावत, त्यांनी स्वतः कधी बर्फाच्या बुटात पाय घातला नव्हता. हाकामाताकाकांचं म्हणणं होतं की मुलांना बर्फावरून घसरवण्याऐवजी बर्फ काढायला लावा, उतारही साफ होईल.

मुलं पाच झाली म्हणून मी गटाची परवानगी मागायला तुमच्या कचेरीत आलो. चूक माझीच. गपचूप राहिलो असतो तर तुम्हाला पत्ताही लागला नसता. पण मी नियमाने चालणारा माणूस, रिकाम्या रस्त्यावरसुद्धा हात दाखवून वळतो. तुमच्या खिडकीतल्या त्या सभ्य तरुणाने मला बसायला सांगितलं.

"आपण शाळा आहात का?"

"नाही."

"क्लब?"

"नाही."

"मग कुटुंब म्हणून सवलतीचा पास..."

"पाच मुलांची आडनावं पाच आहेत."

"मग उतारावर आपण नक्की कोण असता?"

"घसरणारे," मी म्हणालो.

तो आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. खूप वाईट वाटल्यासारखं मान झुकवून म्हणाला, "पूर्वी असं झालेलं नाही."

"म्हणून तर विचारायला आलोय."

"पूर्वी झालेलं असतं, तर आज लगेच करता आलं असतं."

मी घरी जाईपर्यंत या वाक्यावर विचार केला. तुमच्या कचेरीत कुठलीही गोष्ट पहिल्यांदा घडू शकत नाही, ती एकदम दुसऱ्यांदाच घडावी लागते. या हिशेबाने गावात पहिलं मूल जन्माला कसं आलं, पहिला मुडदा कसा जाळला, आणि पहिला बर्फ पडला तेव्हा तुम्ही आकाशाला काय कळवलंत, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

तोवर आम्ही तोड काढली. गट म्हणून परवानगी नाही ना, मग आम्ही गट नाहीच. आम्ही सहा अनोळखी माणसं, योगायोगाने दर रविवारी एकाच पाळण्याला येणारी. मुलांना हा खेळ फार आवडला. पाळण्याच्या रांगेत इरोहा मला कमरेत वाकून म्हणायची, "आपली ओळख नाही, पण आपला डावा बूट उघडा आहे." मी म्हणायचो, "आभारी आहे, कुठल्या गावच्या आपण?" सगळ्यात लहान मुलगा, जो घरात आईशीसुद्धा बोलत नसे, तो एकदा टपरीवर नूडल्स खाताना माझ्या शेजारी येऊन म्हणाला, "माफ करा, ही जागा रिकामी आहे का?" आणि बसून पोटभर बोलला. अनोळखी माणसाशी बोलणं त्याला सोपं गेलं असावं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेव्हा आळीचा बर्फ काढायचा दिवस आला.

फेब्रुवारीतला शनिवार. मी कामावर. मंडळातली सगळी घरं फावडी घेऊन बाहेर पडली, काका सगळ्यांच्या पुढे. आणि काकांनी काय केलं, तर नातीच्या खिडकीखालचा बर्फ काढला. कुणाची मदत न घेता, एकट्याने, पार जमिनीपर्यंत, खालच्या झुडपाच्या काड्या दिसेपर्यंत. काचेवर दाब येतो म्हणून. आणि पोरीच्या खोलीत उजेड यावा म्हणून.

मी संध्याकाळी गाडी लावली आणि ती स्वच्छ भिंत बघितली.

रविवारी सकाळी खिडकी उघडली. आधी बोर्ड बाहेर आला, अर्धा. हवेत तसाच राहिला. मग आत गेला. खिडकी बंद, पडदा बंद.

मी काकांना बाहेर बोलावलं आणि सांगितलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"खिडकीतून?" काका म्हणाले.

"हो."

"दर रविवारी?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला वाटायचं दारातून जाते. तू म्हणालास बघू नका, म्हणून आम्ही सगळे मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचो. तिला वाटू नये की आम्ही कान देतोय, म्हणून टीव्हीसुद्धा मोठा करायचो." त्यांनी हातातलं फावडं भिंतीला टेकवलं. "तीन माणसं आणि मी. भिंतीकडे तोंड करून."

आपल्या गावात आपण न बघण्यात इतके तरबेज आहोत, की घरातली मुलगी कुठून बाहेर जाते तेसुद्धा सभ्यपणामुळे कळत नाही.

"तोचिकुरा," काका म्हणाले, "बर्फ परत आणायचा."

साहेब, तानेओकाच्या इतिहासात हे वाक्य कुणी उच्चारलं नसेल. जो माणूस हिवाळाभर शेजाऱ्याची नजर चुकवून आपला बर्फ त्याच्या हद्दीत ढकलतो, तोच माणूस आता दारोदार विचारत होता, "तुमच्याकडे बर्फ शिल्लक आहे का?" पहिल्या घरात लोकांना वाटलं काकांच्या डोक्यावर परिणाम झाला. तिसऱ्या घरापर्यंत कारण पोचलं होतं, आणि मग सगळी आळी बर्फ घेऊन निघाली. ढकलगाड्या, घमेली, मुलांच्या घसरगाड्या. आता बर्फाची प्रतवारी सुरू झाली. ओत्सुबोकाकू म्हणाल्या, आमचा बर्फ उत्तरेचा आहे, टिकेल. बँकेतले गृहस्थ आपला बर्फ देताना म्हणाले, वरचा थर वापरू नका, खालचा जुना आहे तो घ्या. ज्यांनी कधी चमचाभर मीठ उसनं दिलं नाही, त्यांनी गाडाभर बर्फ आणून ओतला.

ताइगा आला आणि त्याने पाय लावून उतार बघितला. "काका, हा उतार नाही, भिंत आहे."

"मी रचलेली गोष्ट कधी ढासळलेली नाही," काका म्हणाले.

"ढासळणार नाही. इरोहा ढासळेल."

वरची खिडकी बोटभर उघडली. "शेवटी वळण हवं," आतून आवाज आला. "नाहीतर मी सरळ ओत्सुबोकाकूंच्या कोबीत जाईन."

काकूंची कोबी बर्फाखाली पुरलेली असते, वसंतापर्यंत. काकूंनी तिकडे बघितलं, मग खिडकीकडे. "गेलीस तर दोन गड्डे घेऊन जा," त्या म्हणाल्या.

खिडकी आणखी चार बोटं उघडली. मग ती बोलत राहिली आणि काका फावडं मारत राहिले. इथे जास्त झालं, तिथे दाबा, तो कोपरा खरवडा. काकांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी फावडं कसं धरायचं ते सांगत होतं, आणि ते मुकाट्याने ऐकत होते.

एकच अडचण उरली. गल्लीत बर्फ वितळवायला कोमट पाण्याचे फवारे आहेत, तुमचेच. त्यातला एक नेमका ढिगाच्या पायथ्यावर पाणी उडवत होता. इरोहाच्या आजींनी लोणच्याच्या पिंपावर दाब द्यायला ठेवलेला दगड आणला आणि त्या फवाऱ्यावर ठेवला. हा गुन्हा आहे, मला माहीत आहे. लिहून ठेवा, साक्षीदार मी.

पुढच्या रविवारी सकाळी आळीतली सगळी माणसं बाहेर आली आणि सगळ्यांनी खिडकीकडे पाठ केली. कुणी सांगितलं नव्हतं. गल्लीच्या दोन्ही बाजूंना माणसं आपापल्या घराच्या भिंतीकडे तोंड करून उभी, जणू शाळेत शिक्षा झालीय. मी तेवढा बघत होतो, शिकवणाऱ्याने बघायचं असतं. इरोहा बोर्ड बांधून खिडकीत बसली, त्या सगळ्या पाठी तिने बघितल्या आणि निघाली. वळणावर वाकली, कोबी वाचवली, गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबली.

"बघितलंत तरी चालेल," ती म्हणाली.

कुणी लगेच वळलं नाही. हाकामाताकाका सगळ्यांत शेवटी वळले, चष्मा पुसत.

आणि त्यानंतर तुमचा तो सभ्य तरुण आला, फीत घेऊन. कुणी कळवलं मला माहीत नाही. त्याने ढीग मोजला, दगड बघितला, मान झुकवली. म्हणाला, हा बर्फ असेल तर रस्त्यावर आलाय, उचलावा लागेल. हे बांधकाम असेल तर परवानगी दिसत नाही. आणि हा उतार असेल तर जाळी आणि पहारेकरी लागेल.

"खिडकी माझी, नात माझी, बर्फ आकाशाचा," काका म्हणाले. "तुमचं यात काय आहे?"

"रस्ता, आजोबा. हातभर आत येतोय."

"हातभर कापून देतो. आत्ता, तुमच्यासमोर."

"वर विचारावं लागेल. पूर्वी असं..."

"झालेलं नाही," आम्ही सगळ्यांनी मिळून वाक्य पूर्ण केलं.

त्याने वर विचारलं. वर म्हणजे तुम्ही. आणि तुम्ही हातभराऐवजी सगळा नेलात. लोणच्याचा दगडसुद्धा नेलात. आजी अजून पिंपावर शब्दकोश ठेवून काम भागवतायत.

पुढच्या रविवारी ताइगा आणि चार मुलं येऊन गल्लीत खिडकीखाली बसली, बोर्डवाले बसतात तशी. बोलली नाहीत, हाका मारल्या नाहीत. खिडकी उघडली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. ताट पुन्हा दाराबाहेर गेलं.

त्यानंतरच्या सोमवारी मी सुटीवर होतो. घरात संत्रं सोलत बसलो होतो, तर आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार वाजलं. इरोहा. पायात आजोबांचे रबरी बूट, तिच्या पायाच्या दुप्पट.

"गाडी आहे का?" ती म्हणाली.

"आहे. तू कुठून आलीस?"

"घरात कुणी नव्हतं. दारातून." जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलत होती. "कचेरीत जायचंय."

तुमच्या खिडकीसमोर उभी राहिली तेव्हा तिने हात बाह्यांत ओढून घेतले. तुमच्या माणसाने विचारलं, काय काम आहे.

"माझ्या खिडकीखालचा बर्फ तुम्ही नेलात. पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा साठेल. तो उचलणार का?"

तो कागद चाळू लागला. "म्हणजे, न उचलण्याची विनंती अशी... पूर्वी असं झालेलं नाही."

"माझ्या बाबतीतही पूर्वी असं झालेलं नाही," इरोहा म्हणाली. "मी इथे कधी आले नव्हते. तरी आले."

त्याने लेखणी खाली ठेवली. त्याला बिचाऱ्याला घाम फुटला होता. "विचार करून कळवू," तो म्हणाला.

"मी थांबते."

ती थांबली. कचेरी बंद होईपर्यंत त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. मी शेजारी. दिवे मालवायला लागले तेव्हा तिने उठून वाकून नमस्कार केला आणि आम्ही घरी आलो.

एवढं असूनही मी हे लिहिलं नसतं. पण परवा तुमचं गावाचं पत्रक घरी आलं. त्यात छापलंय की 'बर्फ हटवण्याच्या तत्पर कारवाईमुळे एका अल्पवयीन रहिवाशाने मुख्य दाराने ये-जा सुरू केली आहे.' मी ते तीनदा वाचलं. मघाशी आमच्या हिनेही वाचलं आणि म्हणाली, "आता 'चोरलात' लिहा."

तर ऐका. ती दारातून आली तुमच्याशी भांडायला. तुम्ही जिना पाडलात आणि मुलगी भिंतीवरून उतरली, तर त्याला जिन्याची दुरुस्ती म्हणत नाहीत. आणि एकदा दार जमलं म्हणून खिडकी कायमची मिटायची, हे कुठल्या शाळेत शिकवतात? माझ्याकडे पोरं चढावर गाडी एकदा नीट उचलतात आणि दुसऱ्यांदा मागे घसरतात. मी त्यांना गाडीतून उतरवत नाही.

त्या सोमवारनंतर ती पुन्हा दारातून बाहेर पडलेली नाही. पण संध्याकाळी मी कामावरून येऊन गाडी लावली की ती वरची खिडकी उघडते आणि विचारते, "उत्तर आलं का?" मी म्हणतो, नाही. ती म्हणते, "उद्या विचारते." खिडकी बंद होते.

आता बर्फ वितळतोय, छपरं ठिबकतायत, पाळणा बंद झाला. ताइगा आता माझ्याकडे तिसऱ्यांदा परीक्षेला बसतोय, आणि चार मुलं त्याला विचारून जातात की डिसेंबरात कितीजण येणार. त्याला सांगता येत नाही. मलाही नाही. ते तुम्हाला सांगायचं आहे.

'विचार चालू आहे' हे मी तिला सांगणार नाही, असलं काही पाठवू नका. 'पूर्वी' हा शब्द असलेलं काहीही पाठवू नका. पुढच्या हिवाळ्यात त्या खिडकीखाली बर्फ साठेल. रस्त्यावर आलेला हातभर आम्ही स्वतः कापू. उरलेला तुम्ही उचलणार, की नाही उचलणार? आज संध्याकाळी मी गाडी लावीन तेव्हा ती विचारणार आहे. तिला काय सांगू?